लॉजचं बिल थकवून गिऱ्हाईक गायब. सामान अडवता येतं का? विकता येतं का?

लॉजवाला_आडगावनाका

नमस्कार मंडळी. आमचं घरचं लॉज आहे, नाशिकला, हायवेला, आडगाव नाक्याच्या अलीकडे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाले, सातपूर-अंबडला मशिन बसवायला येणारे मेकॅनिक, सुट्टीला पंचवटीत दर्शनाला आलेली कुटुंबं, आणि जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचे परप्रांतीय व्यापारी.

या हंगामात असाच एक व्यापारी राहिला. सोबत मुनीम आणि दोन पोरं. दोन खोल्या, जेवण आमच्याच खानावळीत. सुरुवातीला दर आठवड्याला हिशोब चोख. मार्चपासून "पार्टीचं पेमेंट अडकलंय" सुरू झालं. शेवटी एका सकाळी चौघंही नाहीत, फोन बंद. बिल चाळीस हजारांच्या वर, खोल्यांना त्यांचंच कुलूप.

चादरी बदलायला म्हणून आमच्या कामाच्या पोरासमोर कुलूप काढलं. आत चार बॅगा, कपडे, एक लॅपटॉप, इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, शंभरेक प्लास्टिक क्रेट आणि खाली पार्किंगला मोटरसायकल. वडील म्हणतात, पूर्वी असं झालं की सामान ठेवून घ्यायचं आणि वर्षभराने भंगारवाल्याला द्यायचं, कुणी विचारायला येत नाही. मला ते पटत नाही. लॉजमालकाला कायद्याने सामान अडवायचा हक्क आहे का? असेल तर विकायचा आहे का?

कांदाभजी

काटा विकून टाका, लासलगावात आजच गिऱ्हाईक मिळेल. 😀

निवृत्त_फौजदार

भजीसाहेब, असा सल्ला देऊ नका, उद्या हे आत बसतील आणि तुम्ही डबा घेऊन जाल.

लॉजवाले, ३५ वर्षं खात्यात काढली त्यावरून सांगतो. एक, गिऱ्हाईक समोर असतं आणि तुम्ही त्याला "पैसे दिल्याशिवाय बाहेर जायचं नाही" म्हणून दारात अडवलं असतं, तर भारतीय न्याय संहितेच्या १२६ आणि १२७ कलमांखाली गुन्हेगार तुम्ही ठरला असतात. पैसे कितीही थकलेले असोत. दोन, त्याचा माल परस्पर विकला तर अपहाराची तक्रार तो करू शकतो. त्याच्याकडे तुमचे पैसे थकलेत हा बचाव तिथे फारसा चालत नाही.

पोलिसात फसवणूक म्हणून जाल तर पहिला प्रश्न हाच येणार, की फसवायचा इरादा पहिल्या दिवसापासून होता का. दोन महिने दर आठवड्याला पैसे देणारा माणूस नंतर बुडाला, तर ठाणे अंमलदार "दिवाणी बाब आहे" म्हणून समज देऊन पाठवेल. खोटं आधार दिलं असेल, नंबर दुसऱ्याच्या नावावर असेल, किंवा शेजारच्या लॉजवर हाच खेळ करून आला असेल, तर मात्र चित्र बदलतं. तेवढं तपासा आणि अर्ज नक्की द्या. पोहोच घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका.

लॉजवाला_आडगावनाका

आधार खरं आहे साहेब. पत्ता उत्तर प्रदेशातला. मुनिमाचं आणि पोरांचं घेतलं होतं की नाही ते बघतो.

वकिलीण_गोदाकाठ

सविस्तर लिहिते, कारण या विषयावर ऐकीव माहिती फार फिरते.

आपल्याकडे वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क मुख्यतः भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये आहे. कलम १७० असं आहे की तुमच्या ताब्यात दिलेल्या वस्तूवर तुम्ही मेहनत किंवा कौशल्य खर्च केलं असेल, तर त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू तुम्ही रोखू शकता. शिंपी कपडा रोखतो, घड्याळजी घड्याळ रोखतो, गॅरेजवाला गाडी. तुम्ही त्या व्यापाऱ्याच्या बॅगेवर कसली मेहनत केली? काहीच नाही. तुम्ही त्याला खाट दिली, पंखा दिला, वरण-भात दिला. हे सगळं त्या माणसाला दिलं, बॅगेला नाही. गंमत म्हणजे त्याचे शर्ट तुमच्या धोब्याकडून धुऊन, इस्त्री होऊन काउंटरवर पडलेले असतील, तर तेवढे शर्ट तेवढ्या धुलाईपुरते तुम्ही १७० खाली अडवू शकता!

कलम १७१ मध्ये जुनी-नवी सगळी बाकी वसूल होईपर्यंत वस्तू रोखण्याचा व्यापक हक्क आहे. पण तो मोजक्यांना: बँका, माल विकून देणारे अडते, बंदरावरचे धक्केवाले, हायकोर्टाचे अ‍ॅटर्नी आणि विमा दलाल. या यादीत लॉजमालक नाही. पुढे कलम स्पष्ट म्हणतं की बाकीच्या कुणालाही असा हक्क नाही, तसा स्पष्ट करार असेल तर गोष्ट वेगळी. हा "करार असेल तर" भाग तुमच्या कामाचा आहे, त्यावर खाली येते.

आणखी एक. खोलीत पाहुणा स्वतःच्या कुलपात ठेवतो ते सामान मुळात तुमच्या ताब्यात दिलेलंच नसतं. काउंटरवर पावती घेऊन ठेवलेली बॅग वेगळी. लॉजचा पाहुणा सामान्यतः भाडेकरू नसून परवानगीने राहणारा असतो, आणि सुखाधिकार कायदा, १८८२ चं कलम ६३ सांगतं की परवानगी काढून घेतली तरी त्याला निघायला आणि आपलं सामान न्यायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. बिल चुकवण्याची अट त्या कलमात नाही.

चिवडा_नाशिकचा

ताई, सराई कायदा का काहीतरी आहे ना इंग्रजांचा? त्यात सापडेल.

वकिलीण_गोदाकाठ

१८६७ चा आहे. त्यात सराईची नोंदणी, स्वच्छता, आजारी प्रवाशाची खबर देणं असल्या गोष्टी आहेत. उधारी कशी वसूल करायची यावर एक ओळ नाही.

लीड्सकर

मूळचा सिडकोतला, आता इंग्लंडात हॉटेल लाइनमध्ये. इथे हा हक्क खराच आहे, आणि जुना आहे. कराराची गरज नाही. पाहुण्याने बिल दिलं नाही तर हॉटेलमालक त्याचं आणलेलं सामान रोखू शकतो.

यावरचे जुने निकाल वाचण्यासारखे आहेत. १८९५ च्या रॉबिन्स विरुद्ध ग्रे खटल्यात एक फिरता विक्रेता कंपनीची शिलाई यंत्रं घेऊन उतरला आणि बिल बुडवलं. यंत्रं कंपनीची आहेत हे हॉटेलवाल्याला ठाऊक होतं, तरी ती अडवायचा त्याचा हक्क कोर्टाने मानला. उलट १८३८ च्या सनबॉल्फ विरुद्ध अल्फर्डमध्ये मालकाने बिलासाठी पाहुण्याला धरून ठेवलं आणि अंगावरचा कोट उतरवला. कोर्ट म्हणालं, माणसाला अडवता येणार नाही आणि अंगावरचे कपडे काढता येणार नाहीत.

पण अडवणं वेगळं आणि विकणं वेगळं. जुन्या नियमात मालकाने सामान नुसतं सांभाळत बसायचं. विकायची मुभा १८७८ च्या कायद्याने आली. सामान सहा आठवडे पडून हवं, विक्रीच्या महिनाभर आधी लंडनच्या एका आणि एका स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात हवी, लिलाव जाहीर हवा, आणि बिल वजा जाता उरलेले पैसे मागितल्यावर परत. १९५६ च्या कायद्याने मोटारगाडी आणि तिच्यातलं सामान या हक्कातून काढून टाकलं. घोडेसुद्धा.

कांदाभजी

घोडे!! लॉजवाले, तुमच्या पार्किंगला घोडा नाही ना?

वारीला_निघालो

लीड्सकर, त्या हक्काच्या बदल्यात तिकडच्या मालकावर काय जबाबदारी होती तेही सांगा. मी वाचलं त्याप्रमाणे जागा असेल आणि प्रवासी पैसे द्यायला तयार असेल तर त्याला नाकारता येत नसे, आणि त्याचं सामान चोरीला गेलं तर मालकाने भरून द्यायचं. अनोळखी माणसाला घेणं भाग, म्हणून त्याचं सामान हीच हमी.

आपल्याकडे? रात्री अकरा वाजता महामार्ग स्थानकावर उतरलो, बायको बरोबर, दोघांचं आधार नाशिकचं. घराची किल्ली पुण्यात राहिली होती. तीन लॉजवाल्यांनी "लोकल आयडी चालत नाही" म्हणून हाकललं. एकाने लग्नाचा फोटो मागितला. पाहुणा निवडायचं स्वातंत्र्य तुमचं, सामान सांभाळताना भिंतीवर "मौल्यवान वस्तूंची जबाबदारी मालकावर नाही" ही पाटी तुमची, आणि वर अडवून ठेवायचा हक्कही पाहिजे? धागाकर्त्याचं चुकलं असं म्हणत नाही, पण हा हक्क एकट्याने येत नसतो.

लीड्सकर

बरोबर वाचलंय तुम्ही. जबाबदारी होती म्हणूनच हक्क होता. म्हणून इथेही तो फक्त कायद्याच्या अर्थाने हॉटेल असणाऱ्याला मिळतो. खासगी घरात खोल्या देणाऱ्याला नाही.

वकिलीण_गोदाकाठ

वारी, पाटीबद्दल: तिचा उपयोग लॉजवाल्यांना वाटतो तितका नाही. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलात १९९८ मध्ये चालकाकडे पार्किंगला दिलेली मारुती झेन चोरीला गेली. कुपनवर "मालकाच्या जबाबदारीवर" छापलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की गाडी ताब्यात घेतल्यावर तेवढ्या छापील ओळीने हात झटकता येत नाहीत, हॉटेलने काळजी घेतली हे हॉटेलने दाखवायचं.

धागाकर्त्यांना याचा अर्थ असा की तुम्ही लॅपटॉप "अडवून" ठेवलात आणि उंदराने वायर कुरतडली किंवा पोऱ्याने पळवला, तर करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तुम्ही घेतली का, हा प्रश्न तुमच्यावर येईल.

इंग्लंडचा जुना हक्क इथे लागू होतो असा युक्तिवाद होऊ शकतो, ते नाकारत नाही. करार कायद्याची प्रस्तावनाच म्हणते की तो कराराच्या कायद्याचे "काही भाग" ठरवतो, सगळा नाही. १८९१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या शेवटच्या अपील कोर्टाने, इरावदी फ्लोटिला या जहाज कंपनीच्या प्रकरणात त्याच आधारावर माल वाहणाऱ्यांची जुनी इंग्रजी जबाबदारी इथे कायम धरली होती. पण चाळीस हजारांसाठी हा मुद्दा हायकोर्टापर्यंत न्यायचा असेल तर माझी फी आधी ठरवू. 🙂

त्र्यंबकची_सून

आमच्या घरच्या सहा खोल्या आहेत, नारायण नागबलीच्या यजमानांना देतो. विधी तीन दिवसांचा, गुरुजी आधीच ठरलेले असतात. सासूबाईंचा नियम: पहिल्या दिवशी पूर्ण पैसे, मगच किल्ली. तिसऱ्या दिवशी पूजा आटोपली की माणसं गाडीत बसायच्या घाईत असतात. तेव्हा हिशोब काढला की वाद होतो. लोक पहिल्या दिवशी कुरकुरतात पण देतात.

अवांतर: आमच्याकडे सामान मागे राहण्याचा प्रश्न उलटा आहे. विधीला नेसलेले नवे पांढरे कपडे त्र्यंबकलाच सोडून जायचे असतात. नव्या कामवालीने एकदा ते धुऊन, घडी घालून यजमानांना कुरियर करायला काढले होते!

द्राक्षबाग_पिंपळगाव

धागाकर्ते, हा व्यापारी ठेंगणा, पांढरा सफारी घालणारा, आणि मुनीम चष्मेवाला का? आमच्या गावात तिघा-चौघांचे पैसे याच वर्णनाच्या माणसाकडे अडकलेत. शिवारात सौदा, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख, तिसरीचे "परवा", आणि मग फोन बंद. दरवर्षीचं आहे हे. २०२० मध्ये तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकरांनी मोहीम घेतली तेव्हा बऱ्याच जणांना पैसे परत मिळाले होते.

माणूस तोच असेल तर क्रेट त्याचे नाहीत, आमचे आहेत. नाव छापलेलं असतं बाजूला, बघा. पोरं म्हणतायत उद्या टेम्पो घेऊन येतो आणि सगळंच उचलतो, काटा आणि गाडी धरून.

लॉजवाला_आडगावनाका

दादा, सफारीच. मुनिमाला चष्मा. आणि हो, काही क्रेटवर नावं आहेत, पण सगळ्यांवर नाहीत.

कृपा करून टेम्पो आणू नका. तुमचं दुःख कळतं, पण मी कुणाला काय देऊ?

वकिलीण_गोदाकाठ

आता खरा पेच आला. लॉजवाल्यांचं बिल चाळीस हजार, शेतकऱ्यांचं कदाचित लाखांत, आणि सगळ्यांची नजर त्याच दोन खोल्यांवर.

द्राक्षबाग, तुमचे पैसे कितीही असोत, म्हणून काटा आणि मोटरसायकल तुमची होत नाही. टेम्पोत घातलीत तर चोरी. न्याय संहितेतच उदाहरण आहे की दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीशिवाय उचलून "पैसे दे, मग परत देतो" म्हणणाराही चोरच. तुमच्या नावाचे क्रेट वेगळे, ते ओळख पटवून, सही करून घ्या. ज्यांवर नाव नाही ते लॉजवाल्यांनी कुणालाच देऊ नयेत. एकाच वस्तूवर दोघं हक्क सांगत असतील तर करार कायद्याच्या कलम १६७ प्रमाणे कोर्टाकडून ठरवून घेता येतं.

मोटरसायकल बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या कर्जावर आहे का ते आरसी वर बोजा नोंदलाय का बघून कळेल. असेल तर तिथे त्यांचा नंबर आधी.

आणि बॅगांमध्ये काय आहे याचा विचार करा. उद्या तुम्ही दावा जिंकलात आणि कोर्टाचा बेलिफ जप्तीला आला, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० त्याला नेसायचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धर्माच्या रूढीने बाईला उतरवता न येणारे दागिने, म्हणजे मंगळसूत्र, जप्त करू देत नाही. जे कोर्टालासुद्धा नेता येत नाही, ते लॉजमालकाने कपाटात कोंबून काय मिळवायचं? त्याचे कपडे त्याला देऊन टाका, मागायला आला तर.

आयटी_भटक्या

आधार कार्ड किंवा पासपोर्ट काउंटरवर ठेवून घ्यायची पद्धत पण बंद करा राव. गोव्यात माझा पासपोर्ट रात्रभर ड्रॉवरमध्ये होता.

निवृत्त_फौजदार

पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट सरकारची मालमत्ता असतो. तो जप्त करायचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्याला. २००८ च्या सुरेश नंदा निकालाप्रमाणे तो पोलिसांनासुद्धा कायमचा अडकवून ठेवता येत नाही, मग लॉजवाल्याचं काय घेऊन बसलात. नोंद घ्या, परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला कळवा, आणि कागद परत द्या.

लॉजवाला_आडगावनाका

सगळं वाचलं. वडिलांनाही वाचून दाखवलं, ते गप्प आहेत. तर ताई, आत्ता काय करू, आणि पुढच्या हंगामासाठी काय करू, एवढं सांगा.

वकिलीण_गोदाकाठ

आत्ता: शेजारचे दोन पंच घ्या, ओळखीचे पण नात्यातले नकोत. व्हिडिओ लावून एकेक वस्तूची यादी करा, लॅपटॉपचा आणि काट्याचा क्रमांक लिहा. बॅगा उघडू नका, सील करा. यादीवर सह्या. सामान एका खोलीत ठेवा आणि दोन्ही खोल्या लावायला मोकळ्या करा, तुमचा धंदा का बुडवता. आधारवरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने नोटीस, तीच व्हॉट्सअ‍ॅपवर: बाकी इतकी, सामान अमुक ठिकाणी सुरक्षित, घेऊन जा, न नेल्यास पोलिसांकडे जमा करू. "विकून टाकू" हे शब्द नकोत. एक प्रत पोलीस ठाण्यात.

पैशासाठी दिवाणी दावा. मुदत कायदा, १९६३ मध्ये तुमच्यासाठी खास दोन नोंदी आहेत, आठवी जेवणाच्या पैशांची आणि नववी राहण्याच्या पैशांची, दोन्हींना तीन वर्षं. जेवणाची मुदत जेवण दिलं त्या दिवसापासून चालू होते, म्हणून खानावळीची वही जपा. दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व अर्ज टाकून लोक अदालतीत बोलावता येतं. फुकट असतं, आणि व्यापाऱ्याला पुढच्या वर्षी याच तालुक्यात यायचं असेल तर तो येतोही.

पुढच्यासाठी: नोंदणी कार्डावर पाहुण्याला वाचता येईल अशा भाषेत, वेगळ्या चौकटीत, वेगळी सही. मजकूर साधारण असा: "बिल थकल्यास ते चुकेपर्यंत मी काउंटरवर जमा केलेलं सामान लॉजकडे राहील, याला माझी संमती आहे. कपडे, औषधं, ओळखपत्रं व कागदपत्रं यातून वगळली आहेत." यात "सगळं सामान", "कोणतीही पूर्वसूचना न देता" असले शब्द घुसडू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये एकतर्फी करार रद्द करून घेता येतो.

याहून पक्कं म्हणजे तारण. पाहुणा बिल थकल्यावर स्वतःच्या हाताने लॅपटॉप देतो आणि लिहून देतो की इतक्या बाकीसाठी तारण ठेवला. मग करार कायद्याच्या कलम १७६ प्रमाणे वाजवी नोटीस देऊन विकताही येतो. विक्री होईपर्यंत केव्हाही पैसे भरून सोडवायचा त्याचा हक्क राहतो आणि वरचे पैसे त्याचे.

चिवडा_नाशिकचा

वाचनखूण साठवली. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण, २०२७ मध्ये शाही स्नानं. तपोवनाच्या आसपास दर दुसरं घर होमस्टे होणार. त्या सगळ्यांना हा धागा पाठवा.

त्र्यंबकची_सून

होमस्टेवाल्यांना एकच सांगते, अ‍ॅडव्हान्स घ्या. चौकट-बिकट नंतर.

लॉजवाला_आडगावनाका

अपडेट देतो. यादी केली, नोटीस गेली. नावाचे क्रेट शेतकऱ्यांनी सही करून नेले, द्राक्षबाग दादांनी पोरांना आवरलं त्याबद्दल आभार. पोलिसांनी अर्ज घेतला, पोहोच मिळाली. नोटीस घरी पोहोचल्यावर व्यापाऱ्याचा भाऊ आला. निम्म्याहून जास्त पैसे रोख दिले, बॅगा आणि गाडी घेऊन गेला. लॅपटॉप आणि काटा बाकीपोटी तारण म्हणून ठेवतो असं त्याने लिहून दिलं. शेतकऱ्यांचं विचारलं तर "तो भाईसाबचा विषय आहे" म्हणाला.

द्राक्षबाग_पिंपळगाव

भावाचा नंबर व्यक्तिगत निरोपात टाका. आम्ही तक्रार देतोय, उद्या सगळे मिळून जातोय.

वकिलीण_गोदाकाठ

लॉजवाले, छान. पण एक भोक राहिलंय. लिहून दिलं भावाने, देणं आहे व्यापाऱ्याचं. त्याचा लॅपटॉप भावाने तारण ठेवायला त्याचा अधिकार लागतो. बाकी मान्य असल्याच्या सहीने मुदतीची तीन वर्षं नव्याने सुरू होतात, पण तिथेही सही ऋणकोची किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाची लागते. भावाला सांगून व्यापाऱ्याकडून तुमच्या फोनवर एवढा निरोप मागवा: "माझ्या भावाने माझ्या वतीने केलेला हिशोब, बाकीची रक्कम आणि लॅपटॉप-काट्याचं तारण मला मान्य आहे." आला की स्क्रीनशॉट काढा, फोनही जपून ठेवा. येत नसेल तर काटा विकायचा विचार करू नका, दावा लावा.

लॉजवाला_आडगावनाका

भावाला फोन लावला. संध्याकाळपर्यंत निरोप पाठवायला लावतो म्हणालाय. आला की इथे टाकतो.